आवडत्या मालिकेसाठी पत्र लिहायचंय? आधी ते कोण वाचतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईची आवडती मराठी मालिका चॅनलने रात्री साडेआठवरून दुपारी अडीचला नेली, आता ती बंद होणार अशी कुजबुज सुरू आहे, तर चॅनलला पत्र लिहून काही उपयोग होतो का, आणि लिहायचं तर नेमकं काय लिहायचं.

उपयोग होतो, पण लोकांना वाटतो तसा होत नाही. मी बरीच वर्षं एका मराठी चॅनलच्या फिक्शन टीममध्ये ईपी होते, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, म्हणजे ती व्यक्ती जिला रायटरही शिव्या घालतो आणि हेडही, आणि नंतर प्रॉडक्शन हाउसच्या बाजूला आले, त्यामुळे प्रेक्षकांची पत्रं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलीत. त्यातली बहुतेक वाया जातात हे खरंय, आणि ती वाया जातात कारण लिहिणाऱ्याला वाटतं की चॅनल नावाचा कुणीतरी एक माणूस आहे आणि त्याला पाझर फुटला की मालिका वाचेल. असा माणूस नसतो हो. गुरुवारी आकडे येतात आणि त्या आकड्यांवर मीटिंग होते, बस.

तर आधी आकड्यांचं बघू, कारण ते कळल्याशिवाय पत्रात काय लिहायचं ते कळणार नाही. टीआरपी मोजते बार्क ही संस्था, २०१५ पासून. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत त्यांचं मीटर बसवलेलं आहे, चॅनलच्या आवाजात आपल्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर पकडतं आणि घरातला कोण समोर बसलाय ते त्या माणसाने रिमोटवरचं आपलं बटण दाबून सांगायचं असतं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात, आपल्यासाठी महाराष्ट्र-गोवा हा एक बाजार. तुमच्या घरी मीटर नसेल, आणि नसणारच, कारण ती घरं गुप्त ठेवतात आणि अर्ज करून मिळत नाहीत, तर तुमच्या आईंनी मालिका रोज बघितली काय किंवा सोडून दिली काय, टीआरपीत थेट शून्य फरक. (मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन टीव्ही चालू ठेवायला सांगितल्याचे आरोप २०२० मध्ये मुंबईत झाले होते आणि ते प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, तेव्हा कुणी असं काही सुचवलं तर लांब राहा.) मोबाईलवर ॲपमध्ये बघितलेलंही या टीआरपीत धरत नाहीत, त्याचे आकडे ॲपवाल्यांकडे वेगळे असतात.

मग बिनमीटरच्या घरातल्या माणसाच्या हातात काय उरतं? पत्र. आणि मीटर जे सांगू शकत नाही ते पत्राने सांगायचं. मीटर सांगतं की अमुक वयाची बाई अमुक गावात साडेआठला समोर होती आणि आठ बेचाळीसला उठली. ती का उठली ते मीटरला कळत नाही, कंटाळली म्हणून उठली की कुकरची शिट्टी झाली म्हणून.

आता मीटिंगमध्ये काय होतं ते सांगते. टेबलाभोवती प्रोग्रामिंगचे लोक, मार्केटिंगचे, जाहिराती विकणारे सेल्सचे, कधी रिसर्चवाले. मालिका खाली गेलेली असते. सेल्सवाला म्हणतो या स्लॉटला, म्हणजे या वेळेला, जाहिरातींचा रेट मिळत नाही, तिकडे नवीन मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, तयार पडलेला असतो, आणि त्या खोलीत कुणीतरी एकजण असतो, बहुतेकदा त्या मालिकेचा ईपीच, ज्याला ती मालिका मनापासून आवडते आणि ज्याच्याकडे ती आवडते यापलीकडे बोलायला काही नसतं. तुमचं पत्र या माणसासाठी आहे. त्याच्या हातात कागद द्यायचाय, जो तो समोर सरकवून म्हणेल, "सर, हे वाचा, इथे एक बाई सांगतेय की स्लॉट बदलल्यावर घरातले दोन प्रेक्षक गेले, कथेमुळे नाही गेले." बाकी सगळं याच्यातून येतं, पत्र कसं असावं, कुणाच्या नावाने, कधी, किती लांब.

पहिलं वेळेचं, कारण ९० टक्के लोक इथेच चुकतात असं माझं मत आहे, मोजून नाही सांगत. लोक कधी लिहितात? नवीन मालिकेचा प्रोमो लागला, खाली तारीख आणि आपल्या मालिकेची वेळ दिसली, की मग धावपळ सुरू. अहो, प्रोमोवर तारीख आली म्हणजे नव्या मालिकेचा सेट उभा आहे, कलाकारांशी करार झालेत, शूटिंग सुरू आहे, जाहिराती विकल्या गेल्यात. त्यानंतर तुम्ही पोतंभर पत्रं पाठवलीत तरी गाडी वळत नाही. त्याच्या आधीची लक्षणं ओळखायला शिका: स्लॉट बदलणं, प्राइम टाइममधून दुपारी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास ढकलणं, कथेत अचानक पाच-सात वर्षांचा लीप, म्हणजे उडी, वर्षभर चिघळत ठेवलेली भांडणं एका आठवड्यात मिटायला लागणं, मोठे कलाकार एकेक करून परदेशी किंवा गावी जाणं. तुमच्या आईंच्या मालिकेत पहिलं लक्षण दिसलंय, म्हणजे उशीर झालाय पण प्रोमो आला नसेल तर वेळ अजून गेलेली नाही.

खरं तर सगळ्यात कामाचं पत्र हे संकट येण्याच्या कितीतरी आधीचं असतं. मालिकांचा आढावा साधारण तेरा तेरा आठवड्यांनी घेतला जातो. नवीन मालिका सहाव्या-सातव्या आठवड्यात असते तेव्हा टीम घाबरलेली असते, आकडे डळमळत असतात आणि प्रत्येकजण म्हणत असतो की हे सगळं सोडा आणि सरळ सासू-सुनेचं भांडण आणा. त्या वेळी कुणी लिहिलं की "यात भांडण नाही म्हणूनच आम्ही बघतो", तर त्या कागदाला जी किंमत असते ती शेवटच्या आठवड्यातल्या हजार सह्यांना नसते. आवडलं की तेव्हाच लिहा ना. आपल्याकडे नावडलं की लगेच कमेंट आणि आवडलं की मनातल्या मनात, अशी सवय आहे.

एक माझ्या समोर घडलेलं सांगते. एका मालिकेत नायिकेची एक मावशी होती, लग्न न केलेली, शिवणकाम करणारी, तोंडाने फटकळ. तिचा ट्रॅक, म्हणजे तिच्या कथेचा धागा, रेंगाळतोय म्हणून तिला तीर्थयात्रेला पाठवून द्यायचं ठरलं होतं (मालिकेत कुणाला काढायचं तर तीर्थयात्रा, दुबई किंवा कोमा). त्याच आठवड्यात सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं, फुलस्केपच्या एका पानावर, की ही मावशी ब्लाउजचं माप घेताना समोरच्या बाईशी जे बोलते तसं टीव्हीवर कुणी बोलत नाही, माझ्या ओळखीच्या तीन अविवाहित बायका फक्त तिच्यासाठी मालिका लावतात आणि ती नसेल त्या दिवशी बंद करतात. शेवटचं वाक्य हेडने दोनदा वाचलं. मावशी राहिली. मालिका पुढे संपली ती संपलीच, पण मावशी शेवटच्या भागापर्यंत होती आणि तिला स्वतःचं दुकानही मिळालं.

म्हणजे पत्राने काय मागावं हा मुद्दा आला. "मालिका बंद करू नका" ही मागणी सगळ्यात मोठी आणि म्हणूनच सगळ्यात सहज बाजूला ठेवली जाणारी, कारण ती वाचणाऱ्याच्या हातात नसते. जे त्याच्या हातात आहे ते मागा. रात्री पुन्हा प्रक्षेपण, रविवारी आठवड्याचे भाग सलग, संपल्यावर सगळे भाग ॲपवर राहू देणं, एखाद्या पात्राचा ट्रॅक अर्धवट न सोडणं, आणि सगळ्यात जास्त वेळा मिळणारी गोष्ट म्हणजे नीट शेवट. डेली सोपमध्ये एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा, फार नसते, कधी चार-पाच दिवसांचीच, म्हणजे आज शूट झालेलं पुढच्या आठवड्यात दिसतं, त्यामुळे शेवट बदलायला वेळ असतो आणि टीमचीही मनातून तीच इच्छा असते. दुसऱ्या सीझनची मागणीही वेडगळ नाही, रात्रीस खेळ चाले २०१६ मध्ये आली आणि २०१९ आणि २०२१ मध्ये परत आली, म्हणजे संपलेली गोष्ट लोकांना हवी असेल तर चॅनल दार बंद करून घेत नाही.

आता पत्र. आधी जे नेहमी येतं ते: "मालिका खूप छान आहे, सर्व कलाकारांचा अभिनय अप्रतिम, कृपया बंद करू नये, अन्यथा आम्ही तुमचे चॅनल बघणे बंद करू." यात एकही गोष्ट अशी नाही जी तुम्हालाच माहीत आहे. हेच वाक्य कुठल्याही मालिकेला लागू पडतं, आणि धमकी वाचून कुणी घाबरत नाही, उलट तुमच्या बाजूच्या माणसाला ते पत्र दाखवायची लाज वाटते.

आता दुसरं, मी तुमच्या आईंच्या जागी कुणीतरी कल्पून लिहितेय, गाव आणि गोष्ट तुम्ही तुमची घाला:

"सप्रेम नमस्कार. तुमची मालिका आम्ही पहिल्या भागापासून बघतो. मी ६४ वर्षांची, बार्शीला राहते. घरात मी, सून आणि सातवीतला नातू. सून नोकरी करते, ती आली की साडेआठला आम्ही ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचो. मालिका दुपारी गेल्यापासून ती दोघं बघू शकत नाहीत, मी एकटी बघते आणि मधेच डोळा लागतो. मागच्या मंगळवारी आत्याने भावाकडे वाटणीचे कागद मागितले आणि भाऊ एवढंच म्हणाला, आधी चहा घे. मी ते रात्री सुनेला सांगितलं तर आम्ही तासभर त्याच्यावरच बोललो, कारण माझ्या माहेरीही मला आधी चहाच दिला होता. विनंती अशी की रात्री दहानंतर पुन्हा दाखवता आली तर बघा, म्हणजे आम्ही तिघं पुन्हा एकत्र बघू. आणि संपवायचीच असेल तर आत्याला तिचा वाटा मिळाला की नाही ते दाखवल्याशिवाय संपवू नका."

झालं. याच्यापेक्षा मोठं नको, एका पानाच्या आत. यात काय काय आलंय बघा, वय, गाव, घरात कोण, किती वाजता, स्लॉट बदलल्यावर किती प्रेक्षक गेले आणि का गेले. हे सगळं रिसर्चवाला पैसे देऊन शोधत असतो. मग एक सीन, नेमका, तारखेसकट नाही तरी वारासकट, त्यातलं वाक्य, आणि त्या वाक्याने घरात काय झालं. हे ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला कळवलं जातं, नक्की कळवलं जातं, कारण डेली सोपच्या लेखकाला आठवड्याला सहा एपिसोड लिहिताना कुणी विचारत नसतं की चहाचं वाक्य कुठून सुचलं. आणि दोन मागण्या, एक सोपी आणि एक त्याहून सोपी. "अभिनय अप्रतिम" हा शब्दप्रयोग कुठेही नाही.

भाषा कशी ठेवावी असं लोक विचारतात. घरात बोलता तशी. अर्जाच्या भाषेत लिहिलंत, "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरे, तर वाचणाऱ्याच्या मनात आधी तक्रार येते. मराठी शुद्धलेखनाची काळजी करू नका, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली पत्रं जास्त खरी वाटतात, आणि हाताने लिहिलेलं असेल तर उत्तमच. हे भावनिक कारण नाही. ईमेल आणि इन्स्टाच्या मेसेजना बहुतेक ठिकाणी डिजिटल टीमची मुलं उत्तर देतात, ती त्यातून "पॉझिटिव्ह अमुक, निगेटिव्ह तमुक" असा आठवड्याचा तक्ता करतात आणि तुमचं म्हणणं त्या तक्त्यात एक आकडा होऊन जातं. कागदी पत्र आता इतकं दुर्मिळ झालंय की ते आकडा होत नाही, रिसेप्शनवरून कुणीतरी ते हातात घेऊन वर येतं.

पूर्वी असं नव्हतं. १९८४-८५ ला दूरदर्शनवर हम लोग चालू होती, दीडशेहून जास्त भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे, त्या मालिकेला चार लाखांवर पत्रं आली होती. नव्वदच्या दशकात सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणेंच्या सुरभिला तर इतकी पोस्टकार्डं यायची की टपाल खात्याला टीव्हीवरच्या स्पर्धांच्या उत्तरांसाठी वेगळं, महागडं पोस्टकार्ड काढावं लागलं. त्या काळी एका पत्राला किंमत नव्हती, ढिगाला होती. आज उलट आहे. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, पोस्टात मागावं लागतं आणि काउंटरवरचा माणूस जरा बघतो तुमच्याकडे.

पाकिटावर कुणाचं नाव घालायचं? चॅनलच्या वेबसाइटवर ऑफिसचा पत्ता असतो, तो घ्या आणि "प्रोग्रामिंग विभाग, मालिका अमुक" असं लिहा. दुसरी प्रत प्रॉडक्शन हाउसला. नावं हवी असतील तर ॲपवर एपिसोड शेवटपर्यंत जाऊ द्या आणि पॉज करा, मराठीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी माणसं असतात बऱ्याचदा, चहाचं वाक्य आवडलं असेल तर ते संवादवाल्याचं, त्याचं नाव पत्रात घाला. नायिकेला सगळेच लिहितात. कॅमेरामन, कला दिग्दर्शक, संवादलेखक यांच्याबद्दल लिहिलेलं पत्र युनिटमध्ये फिरतं, मेकअप रूमच्या आरशाला चिकटवलेलं मी बघितलंय.

एक पत्ता मात्र टाळा. टीव्हीच्या खाली पट्टी फिरते ना, या कार्यक्रमाबद्दल तक्रार असल्यास इथे संपर्क साधा, ती तक्रार निवारण अधिकाऱ्याची. २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार चॅनलला तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा लागतो, म्हणून लोकांना वाटतं इथे पाठवलं की पक्कं उत्तर येणार. येतंही, पण ती यंत्रणा आक्षेपार्ह दृश्यांसाठी आहे, तिथे तुमचं प्रेमपत्र एका फॉर्ममध्ये "तक्रार निकाली" म्हणून बंद होतं. आणि स्पीड पोस्टाने सही घेऊन वगैरे पाठवू नका, असं पाकीट दिसलं की रिसेप्शनला वाटतं लीगल नोटीस आली, ते जातं लीगलच्या टेबलावर आणि तिथे वकील बसलेला असतो ज्याने मालिका एकदाही बघितलेली नाही. साधं टपाल, तिकीट लावून.

कथा सुचवू नका. मोह होतो, माहितीये, आत्याचं आणि वकिलाचं लग्न लावा वगैरे. पण उद्या तसं काही दाखवलं आणि लिहिणाऱ्याने म्हटलं ही आयडिया माझी, तर भानगड, म्हणून अनुभवी माणूस असा मजकूर दिसला की पुढे वाचतच नाही. "आत्याचं पुढे काय होतं याची वाट बघतोय" एवढं लिहा. दुसऱ्या मालिकेला नावं ठेवू नका, कारण तीही याच चॅनलची असू शकते आणि तिचा ईपी शेजारच्या खुर्चीत असतो. कलाकारांच्या खाजगी आयुष्याबद्दल तर एक अक्षरही नको.

आता सगळ्यांनी मिळून मोहीम करायची असेल तर. यात अमेरिकन लोकांचा हात धरणारं कुणी नाही, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे आणि कुठे थांबावं तेही. १९६७-६८ च्या हिवाळ्यात एनबीसी हे चॅनल स्टार ट्रेक ही अंतराळातली मालिका बंद करणार अशी बातमी पसरली तेव्हा बिजो ट्रिंबल आणि तिच्या नवऱ्याने मोहीम उभी केली, साधं तत्त्व होतं, तुम्ही लिहा आणि दहा जणांना लिहायला सांगा, पण प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, छापील मजकुरावर सह्या नकोत. लाखाहून जास्त पत्रं गेली. कॅलटेकचे विद्यार्थी मशाली घेऊन एनबीसीच्या बरबँकच्या ऑफिसवर गेले. १ मार्च १९६८ ला एपिसोड संपल्यावर चॅनलने पडद्यावरूनच जाहीर केलं की मालिका चालू राहील, आता लिहू नका. मग काय झालं, तिसरा सीझन मिळाला पण शुक्रवारी रात्री दहाला, म्हणजे ज्या वेळी कॉलेजची पोरं घरात नसतात तेव्हा, बजेट कापलं आणि १९६९ ला मालिका बंद झालीच. पण त्या सीझनमुळे एकूण भाग ७९ झाले, स्थानिक स्टेशनांना रोज दाखवायला पुरेल एवढा साठा झाला, आणि पुनर्प्रक्षेपणातूनच ती मालिका एवढी मोठी झाली. पत्रांनी जे मागितलं होतं ते एका वर्षापुरतंच मिळालं आणि जे मागितलंच नव्हतं ते पुढे कितीतरी वर्षं मिळत राहिलं.

दुसरं उदाहरण २००७ चं, जेरिको नावाच्या मालिकेचं. सीबीएस या चॅनलने ती पहिल्या सीझननंतर बंद केली. शेवटच्या भागात नायक शरण यायला नकार देताना एकच शब्द बोलतो, "नट्स", दुसऱ्या महायुद्धात बॅस्टोनला एका अमेरिकन जनरलने जर्मनांना दिलेलं उत्तर, तर चाहत्यांनी सीबीएसला शेंगदाणे पाठवले. वीस टनांहून जास्त. चॅनलने सात भागांची ऑर्डर दिली आणि त्यांच्या प्रमुख नीना टॅसलर यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की कृपया शेंगदाणे थांबवा आणि मालिकेला आणखी प्रेक्षक मिळवून द्या. सात भाग झाले, आकडे आले नाहीत, मार्च २००८ ला परत बंद. हे उदाहरण मी मुद्दाम देते कारण आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं आपणही काहीतरी पाठवू, पुरणपोळ्या पाठवू. शेंगदाणे चालले कारण ते गोष्टीतूनच आले होते, बातमी झाली. पुरणपोळ्या सिक्युरिटीवाले खातील, तेही खाल्ल्या तर.

माझ्या मते सगळ्यात डोकेबाज मोहीम चक या अमेरिकन मालिकेची, २००९. चाहत्यांनी चॅनलला साकडं घालायच्या ऐवजी मालिकेत ज्याची जाहिरात दिसत होती त्या सबवेच्या दुकानात जाऊन सीझनच्या शेवटच्या भागाच्या दिवशी सँडविच घेतली आणि सूचनापेटीत चिठ्ठी टाकली की आम्ही चकसाठी आलोय. सबवे पुढच्या सीझनमध्ये प्रायोजक म्हणून आली आणि मालिका पाच सीझन चालली. सेल्सवाला मीटिंगमध्ये ज्या खुर्चीत बसतो तिथेच त्यांनी नेम धरला. आपल्याकडे हे कुणी करत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. मालिकेच्या आधी "सहप्रायोजक" म्हणून मसाला, सोन्याची पेढी, साबण, काय काय येतं, त्यातलं तुम्ही खरंच वापरत असाल तर त्या कंपनीला चार ओळी लिहा की तुमचा मसाला आम्ही अमुक मालिकेत बघून घ्यायला लागलो. खोटं लिहू नका, मार्केटिंगवाल्याला वास येतो.

तर मोहीम करायची असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार मजकूर फिरवू नका, हे एक पाळा. एकसारखी पन्नास पत्रं म्हणजे एक पत्र, आणि संशय वेगळा की कलाकाराच्या पीआरने पाठवलीत. ग्रुपवर फक्त पत्ता आणि एक प्रश्न फिरवा, "तुम्हाला कुठला सीन आठवतो आणि तो तुम्ही कुणासोबत बघितला?" प्रत्येकजण आपोआप वेगळं लिहील. बारा वेगळी पत्रं दोन-तीन आठवड्यांत येत राहिली तर ईपी त्यांची फाइल करतो, मी करायचे. आजोबांचं थरथरत्या अक्षरातलं, शाळेतल्या मुलाने काढलेलं पात्राचं चित्र, रिक्षाचालकाचं, असे वेगवेगळे लोक लिहिते करा, कारण चॅनलच्या डोक्यात मराठी मालिकेचा प्रेक्षक म्हणजे एकच ठरलेली गृहिणी असते आणि ते चित्र मोडलं की सेल्सवाल्याचेही कान टवकारतात. परदेशातले नातेवाईक बघत असतील तर त्यांनाही सांगा, दुबई किंवा न्यू जर्सीतलं घर टीआरपीत नाही पण ॲपचे पैसे भरतं, त्यांनी पत्रात तेवढं एक वाक्य घालावं. हॅशटॅगचं काय? करा, हरकत नाही, दोन तासांत विरतो, बातमी मिळाली तर मिळाली.

तुमच्या आईंच्या बाबतीत मी असं करेन. या दोन-तीन दिवसांत प्रोमो आलाय का बघा. नसेल आला तर आईंनीच लिहू दे, तुम्ही नका लिहू, त्यांच्या अक्षरात, आणि त्यांना हात दुखत असेल तर त्या बोलतील तसं उतरवून घ्या आणि खाली सही त्यांची. दुपारी अडीचला नेल्यामुळे घरातलं कोण सुटलं ते पहिल्या तीन ओळींत यायला हवं. प्रोमो आला असेल तर रडगाणं नको, सरळ शेवटाबद्दल आणि ॲपवर भाग ठेवण्याबद्दल लिहा आणि प्रत संवादलेखकाच्या नावाने प्रॉडक्शन हाउसला पाठवा, कारण त्या वेळी त्याच्या टेबलावर शेवटचे दहा-बारा एपिसोड असतात. उत्तर येईलच असं नाही. फोन मात्र येऊ शकतो, पत्राखाली नंबर असेल तर, मग ते विचारतील तुमचा व्हिडिओ घेऊ का, सोशल मीडियावर टाकू का. आईंना नको असेल तर नाही म्हणायचं, त्याने पत्राची किंमत कमी होत नाही, आणि हो म्हणणार असाल तर आधी विचारून घ्या की मालिका चालू राहणार म्हणून टाकताय की निरोपाचा व्हिडिओ करताय.